श्रीमंत म्हणवून घेताना

‘मी श्रीमंत आहे’ असं स्वतःच्या तोंडाने म्हणणारं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. ‘आपलं बरं चाललंय’ म्हणणारे भेटतात, ‘तशी कसली ददात नाही’ म्हणणारे भेटतात, ‘खाऊनपिऊन सुखी आहोत’ म्हणणारे तर पुष्कळ. एका पगारात महिनाअखेर कशीबशी गाठणारे स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवतात, आणि ज्यांचं दुसरं घर कुलूप लावून पडलेलं असतं तेही मध्यमवर्गीयच. श्रीमंत म्हणजे कायम दुसरा कुणीतरी. त्याला जाऊन विचारावं, तर तोही आपल्याहून वरच्या कुणाकडे तरी बोट दाखवतो.

रेचल शर्मन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी न्यू यॉर्कमधल्या पन्नास सधन पालकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. त्यांचं हे काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. मुलाखत दिलेल्यांपैकी बहुतेक जण मिळकतीत किंवा मालमत्तेत देशातल्या सर्वांत वरच्या एक-दोन टक्क्यांत मोडणारे. तरी स्वतःला श्रीमंत म्हणायला ते राजी नव्हते. त्यातली एक बाई नवीन कपडे आणले की त्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या आधी काढून टाकायची. मुलांना सांभाळायला येणाऱ्या बाईच्या नजरेला त्या पडू नयेत म्हणून.

ही चिठ्ठी काढणारी बाई मला फार जवळची वाटते. तिला हसावंसं वाटत नाही. आपल्याकडे किती आहे हे तिला ठाऊक आहे. दुसऱ्या बाईच्या नजरेतून तो आकडा वाचला जाऊ नये, एवढंच तिला हवं आहे. आपण सगळे वर बघून स्वतःला मोजतो, त्याचं कारण मला इथे दिसतं. वर बघितलं की फार तर हेवा वाटतो. खाली बघितलं की हिशोब द्यावा लागतो. हेवा सोसता येतो. हिशोब सोसत नाही.

म्हणून आधी सांगून टाकते. माझ्या घरी दोन पगार येतात, घराचे हप्ते फिटलेत, आजारपणासाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत. मी श्रीमंत आहे. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, मोठेपणा मिरवल्यासारखं वाटतं, कुणाची तरी दृष्ट लागेल असंही आत कुठेतरी वाटतं. पण ते खरं आहे, आणि खरं असूनही ते न म्हणण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिने आपलं आणि दुसऱ्यांचं बरंच नुकसान होतं असं माझं मत झालं आहे.

श्रीमंत कुणाला म्हणायचं? माझ्यापुरतं उत्तर दोन चष्म्यांमध्ये आहे.

माझ्या वडिलांच्या चष्म्याची एक काडी बिजागरीतून निखळली होती. तिथला बारीक स्क्रू कुठेतरी पडून हरवला. वडिलांनी त्या भोकातून तांब्याची तार ओवली, पकडीने पिळली आणि तिचं टोक कानशिलाला टोचू नये म्हणून वरून दोरा गुंडाळला. घामाने तो दोरा काळा पडायचा, मग सुटीच्या दिवशी ते बसून नवा गुंडाळायचे. तार सैल झाली की चष्मा एका बाजूला कलायचा, म्हणून वाचताना एक हात कायम चष्म्याला. एका हाताने पान उलटायचं, दुसऱ्याने चष्मा धरायचा. नवा करायचा हे ठरलेलं होतं. पण त्याच्या आधी करायच्या गोष्टींची रांग लांब होती. फी होती, भाडं होतं, आजीची औषधं होती. चष्मा त्या रांगेत शेवटी उभा होता आणि पुढे कुणी ना कुणी घुसत होतं.

मागे एकदा माझा चष्मा माझ्याच पायाखाली आला. चौकट मोडली. मी त्याच संध्याकाळी नवा करायला टाकला. काही दिवसांनी एका मैत्रिणीने विचारलं, ‘चौकट बदललीस?’ तेव्हा मला क्षणभर आठवावं लागलं की का बदलली.

दोन्ही चष्मे तुटलेच. एक तुटणं आमच्या घरात वर्षभर वस्तीला होतं, दुसरं संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. पैशाने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन: लहान अडचण लहानच ठेवण्याची ताकद. ज्याचं हातावर पोट आहे त्याची लहान अडचण लहान राहत नाही. सायकलचा टायर फाटतो, म्हणून कामावर जायला उशीर होतो, म्हणून अर्ध्या दिवसाची मजुरी जाते, म्हणून उसनवारीचा हप्ता चुकतो, आणि ज्याच्याकडून उसने घेतले तो पुढच्या वेळी देत नाही. टायरची किंमत ज्याच्याकडे होती त्याला टायर टायरच्या किमतीत पडला. ज्याच्याकडे नव्हती त्याला तो कितीतरी पट महाग पडला. गरिबी महाग असते, हे ती भोगलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

यातला सर्वांत मोठा खर्च डोक्याचा. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास केला होता. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. उसाचा पैसा वर्षातून एकदा हातात येतो. तोडणीच्या आधी हात आखडलेला, गहाणवट वाढलेली. तोडणी होऊन बिल मिळालं की चार दिवस मोकळे. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी आकृत्यांची कोडी घातली, लक्ष एकाग्र करायला लावणाऱ्या चाचण्या दिल्या. तीच माणसं, तेवढंच शिक्षण, तीच बुद्धी. तोडणीनंतर त्यांची उत्तरं स्पष्टपणे सरस आली. संशोधकांनी काढलेला अर्थ असा की पैशाची तंगी मनाची जागा अडवून बसते आणि बाकीच्या विचारांना उरलेल्या जागेत मावून घ्यावं लागतं.

हे वाचल्यावर मला वडिलांचं ते गप्प बसणं आठवलं. जेवताना, चालताना, आमच्याशी बोलतानाही ते अर्धे कुठेतरी दुसरीकडे असायचे. आम्हाला वाटायचं, स्वभाव आहे. पुढे आमच्या नोकऱ्या लागल्या, घरातली ओढाताण संपली, आणि साठीनंतर हा माणूस गोष्टी सांगायला लागला. नकला करायला लागला. इतकी वर्षं तो कुठे होता, असं आई विचारायची. तो आकडेमोड करत होता.

म्हणूनच ‘समाधान हीच खरी संपत्ती’ हे वाक्य मला सहन होत नाही. ते सांगणारा बहुधा भरल्या पोटाचा असतो आणि ऐकणारा बहुधा रिकाम्या. माणुसकीने श्रीमंत, आठवणींनी श्रीमंत, नात्यांनी श्रीमंत या सगळ्या चांगल्या गोष्टी आहेत, पण त्या पैशाच्या बदल्यात चालत नाहीत. नात्यांनी औषध येत नाही. उलट पैशाची चणचण नात्यांनाच सर्वांत आधी कुरतडते. किती भाऊ केवळ उसन्या पैशांवरून एकमेकांच्या दारात जायचे थांबले, हे ज्याने त्याने आपापल्या गोतावळ्यात मोजून पाहावं.

संशोधनही या बाबतीत लोक समजतात तितकं पैशाच्या विरुद्ध नाही. १९७८ साली अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांचा एक छोटा अभ्यास झाला. ते विजेते इतरांपेक्षा फारसे सुखी आढळले नाहीत आणि रोजच्या साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद उलट कमी झालेला दिसला. हा निष्कर्ष प्रवचनांत फार चालला. पण स्वीडनमधल्या मोठ्या लॉटरी विजेत्यांचा कितीतरी व्यापक अभ्यास २०२० साली आला आणि त्यात मोठी रक्कम मिळालेली माणसं दहा वर्षांनंतरही आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळली. डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन यांचा २०१० मधला ७५ हजार डॉलरचा आकडा असाच गाजला: रोजच्या मनःस्थितीत वर्षाला तेवढ्या मिळकतीपर्यंतच सुधारणा होते, पुढे नाही. मग मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना २०२१ साली वेगळं दिसलं, त्यांच्या आकड्यांत सुख त्याच्या पुढेही वाढत होतं. यानंतर जे घडलं ते मला फार आवडतं. बार्बरा मेलर्स यांना मधे घेऊन कानेमान आणि किलिंग्जवर्थ एकत्र बसले, एकमेकांचे आकडे तपासले आणि २०२३ साली दोघांनी मिळून निष्कर्ष मांडला. बहुतेक माणसांचं सुख मिळकतीबरोबर वाढत राहतं. फक्त सर्वांत दुःखी असलेल्या थोड्या लोकांच्या बाबतीत ते एका मर्यादेनंतर थांबतं. जे दुःख पैशाने हलत नाही ते तिथे उरतं, असा त्याचा अर्थ मी घेते. प्रेमभंग, मृत्यू, मनाचं आजारपण.

तेव्हा पैसा हवाच. पुरेसा पैसा आल्यावरही माणूस स्वतःला श्रीमंत का मानत नाही, हा खरा प्रश्न. आणि तिथे शेजारी येतो.

नेदरलँड्समध्ये एक लॉटरी आहे, तिच्यात आकड्याऐवजी पिनकोड लागतो. तिथला एक पिनकोड म्हणजे सरासरी वीसेक घरं. ज्या गल्लीचा पिनकोड लागला तिथल्या तिकीटधारकांना दर तिकिटामागे साडेबारा हजार युरो मिळायचे आणि एका घराला नवी कोरी बीएमडब्ल्यू. ज्याने तिकीट काढलं नव्हतं त्याच्या दोन्ही बाजूंना पैसा येणार आणि तो मधे कोरडा. अर्थशास्त्रज्ञांनी या कोरड्या राहिलेल्यांचाही अभ्यास केला, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. विजेत्याच्या अगदी शेजारच्या घरात गाडीवरचा खर्च वाढलेला आढळला. त्या माणसाच्या हातात एक छदामही आला नव्हता.

याला नुसती हाव म्हणून मोकळं होता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवलंय की प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक लिननच्या सदऱ्यावाचून सुखाने जगले असतील. पण आपल्या काळात साध्या मजुरालाही तसा सदरा अंगावर नसताना चारचौघांत जायची लाज वाटेल. आजूबाजूला ज्या गोष्टी सर्रास झाल्या त्या गरजेच्या होतात. आज ज्या मुलाच्या घरी एकही स्मार्टफोन नाही त्याला शाळेचा निरोपसुद्धा मिळत नाही. तिथे ‘पूर्वी नव्हता तरी शिकलेच की लोक’ हे म्हणणं निर्दयपणाचं आहे. पण स्मिथचा सदरा आणि शेजारची गाडी यांत फरक आहे. सदऱ्याने माणूस लोकांत बसायच्या लायकीचा ठरतो. गाडीने तो लोकांच्या वर बसतो. पहिली लाज समजून घेण्यासारखी आहे. दुसरीला मी लाज म्हणणार नाही.

याच संदर्भात सारा सोलनिक आणि डेव्हिड हेमेनवे यांचा १९९८ मधला एक अभ्यास मला वारंवार आठवतो. हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांना, प्राध्यापकांना, कर्मचाऱ्यांना त्यांनी विचारलं: तुम्हाला वर्षाला ५० हजार डॉलर आणि बाकीच्यांना २५ हजार, की तुम्हाला एक लाख आणि बाकीच्यांना दोन लाख? वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्याच धरायच्या. जवळजवळ निम्म्या लोकांनी पहिला पर्याय घेतला. स्वतःची मिळकत अर्धी झाली तरी चालेल, पण इतरांच्या वर हवी. इथपर्यंतचं ऐकून माणसाबद्दल वाईट वाटतं. पण त्याच लोकांना सुट्टीबद्दलही विचारलं होतं. तुम्हाला दोन आठवडे आणि इतरांना एक, की तुम्हाला चार आणि इतरांना आठ? इथे बहुतेकांनी चार आठवडे मागितले. इतरांना आठ मिळाले तर मिळोत.

म्हणजे आपल्या आयुष्यात असं काही आहे ज्याची मोजणी आपण शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन करत नाही. निवांत वेळ त्यातला एक. कुणाची दुपार किती मोकळी आहे हे कुणी डोकावून बघत नाही. आपली मोकळी दुपार आपल्याला पूर्ण मिळते, दुसऱ्याच्या दुपारीने ती उणी होत नाही. झोपेचंही तसंच असावं. मी स्वतःची श्रीमंती मोजायला बसते तेव्हा आता अशाच गोष्टींपासून सुरुवात करते: उद्या सकाळी कुठल्या फोनची धास्ती आहे का, अंगात ताप असताना काम सोडून पडून राहता येतं का, वरिष्ठांनी काही अगदीच चुकीचं करायला सांगितलं तर ‘नाही’ म्हणता येतं का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गाठीला सहा महिन्यांचा खर्च असलेल्या माणसाचा कणा वेगळा असतो. त्याचं श्रेय स्वभावाला दिलं जातं, खरं म्हणजे ते त्या सहा महिन्यांचं असतं.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच गाठीला नसते. ३० जून १९२४ या दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा धाकटा मुलगा, त्याचंही नाव कॅल्विन, व्हाइट हाउसच्या मैदानावर भावाबरोबर टेनिस खेळला. पायात मोजे नव्हते, नुसते बूट. पायाच्या बोटाला फोड आला. कुणीही दुर्लक्ष करील असा फोड. त्यातून जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि ७ जुलैला तो मुलगा गेला. सोळा वर्षांचा होता. देशातले उत्तम डॉक्टर त्याच्या उशाशी होते. त्यांच्या हातात द्यायला औषध नव्हतं. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालचा आणि ते रुग्णांपर्यंत पोचायला १९४० चं दशक उजाडलं.

आज तसा फोड बहुतेक ठिकाणी साध्या प्रतिजैविकाने बरा होतो. या बाबतीत मी त्या राष्ट्राध्यक्षांहून श्रीमंत आहे, पण ही श्रीमंती मी कमावलेली नाही. ती प्रयोगशाळांची, दवाखान्यांची, कर भरणाऱ्यांची, लस टोचायला दारोदार फिरणाऱ्यांची आहे. स्वतःच्या मालमत्तेची यादी करताना आपण ही सगळी पानं गाळतो आणि उरलेल्या पानावरच्या आकड्याला ‘माझं’ म्हणतो.

आता त्या आकड्याबद्दल. किती झाले म्हणजे पुरे, हे लिहून ठेवलेला एक माणूस मला ठाऊक आहे. अँड्र्यू कार्नेगी, अमेरिकेतला पोलाद कारखानदार. स्कॉटलंडमधल्या हातमाग विणकराचा मुलगा. वाफेच्या मागांनी बापाचा धंदा बुडाला, १८४८ साली कुटुंब अमेरिकेला गेलं आणि हा पोरगा सूतगिरणीत आठवड्याला एक डॉलर वीस सेंटवर कामाला लागला. वीस वर्षांनी, डिसेंबर १८६८ मध्ये, न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात बसून त्याने स्वतःसाठी एक टिपण लिहिलं. वय ३३, वर्षाची मिळकत ५० हजार डॉलर. यापुढे मिळकत वाढवायचा प्रयत्न करायचा नाही, वरचं उरेल ते दरवर्षी सत्कार्याला द्यायचं. दोन वर्षांत धंद्यातून मोकळं व्हायचं आणि शिकायचं, वाचायचं. पैसा साठवत जाणं ही मूर्तिपूजेतली सर्वांत हीन मूर्तिपूजा आहे, आणि मी असाच धंद्यात बुडून राहिलो तर पुन्हा वर येण्याची आशा उरणार नाही, असंही त्यात आहे.

तो थांबला नाही. त्याने १९०१ साली जे. पी. मॉर्गन या बँकमालकाला आपली पोलाद कंपनी विकली ती ४८ कोटी डॉलरला. मधल्या काळात, १८९२ साली, होमस्टेडच्या कारखान्यात मजुरीत कपात करण्यावरून टाळेबंदी झाली, भाडोत्री पहारेकरी आणले गेले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली आणि कामगारांची संघटना मोडून पडली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. कारखाना सांभाळणाऱ्या हेन्री फ्रिकच्या मागे त्याची पूर्ण संमती होती. पुढे त्याने जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांना पैसा दिला. होमस्टेडलाही १८९८ साली एक देखणं ग्रंथालय उभं राहिलं. तिथल्या पोलाद कामगाराची पाळी बारा तासांची होती. बारा तास भट्टीसमोर उभं राहिलेल्या माणसाने तिथे जाऊन काय वाचायचं होतं, हा प्रश्न मला छळतो. १९१९ साली मरेपर्यंत कार्नेगीने सुमारे ३५ कोटी डॉलर वाटले होते. एवढं दान क्वचितच कुणी केलं असेल. तरीही मला वाटत राहतं, त्याने ३३ व्या वर्षीचा तो कागद पाळला असता तर त्या वाटलेल्या पैशांतला काही भाग आधीच, मजुरीच्या रूपाने, ज्यांचा त्यांच्या घरी गेला असता. त्यांनी आपापलं काय ते विकत घेतलं असतं. चष्मा, सायकलचा टायर, एखादं पुस्तक.

तो कागद वाचल्यावर मी आणि नवऱ्याने एका रविवारी बसून आमचा आकडा काढायचा ठरवलं. घर, मुलीचं शिक्षण, घरखर्च, प्रवासाची आवड, आईवडिलांची सोय. हे सगळं भराभर लिहून झालं आणि बेरीज आम्हा दोघांना वाटली होती त्याहून बरीच कमी आली. मग म्हातारपणाच्या ओळीवर येऊन अडलो.

‘किती वर्षं धरायची?’ नवऱ्याने विचारलं.

याला उत्तर नाही. ऐंशी धरावीत की पंचाण्णव? त्यातली किती अंथरुणावर? कुठलं आजारपण? या एका ओळीमुळे कितीही मोठा आकडा लहान वाटू शकतो. मला वाटतं, भल्याभल्यांचं ‘पुरे’ याच ओळीने पुढे ढकललं जातं. वरून दिसते ती हाव आणि आत असते ती भीती. ही भीती एकट्याने पैसा साठवून मिटत नाही, कारण तिला वरची मर्यादाच नाही. ती मिटते सगळ्यांनी मिळून काही केलं तर. जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्कने १८८९ साली कामगारांसाठी म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा केला, ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ पासून दवाखान्यात उपचार घेताना पैसे मोजावे लागेनासे झाले. जिथे अशी सोय आहे आणि ती नीट चालते, तिथे त्या ओळीवर कमी रक्कम लिहून भागतं. म्हणजे तिथला माणूस थोड्या पैशात श्रीमंत होतो. माझा आकडा किती मोठा असावा हे माझ्या खर्चिकपणावर थोडंफार अवलंबून आहे. त्याहून अधिक ते माझ्या भोवतालचं जग म्हाताऱ्या आणि आजारी माणसाला कसं वागवतं यावर आहे. कर चुकवून साठवणारा माणूस स्वतःचाच आकडा वाढवून ठेवतो, हे मला त्या रविवारी पहिल्यांदा इतकं लख्ख दिसलं.

ती ओळ आम्ही कोरी ठेवली. बाकी ओळींची बेरीज केली, आणि त्या बेरजेच्या पलीकडे आम्ही आताच पोचलो आहोत हे दोघांनी मान्य केलं. मान्य केल्यावर ‘आपल्यालाच पुरत नाही’ हे कारण संपलं. हे कारण किती ठिकाणी कामाला येत होतं ते संपल्यावर कळलं. नळ दुरुस्त करणाऱ्याला ‘पुढच्या आठवड्यात देते’ असं म्हणताना आपण त्याचे पैसे बिनव्याजी वापरत असतो. ज्याच्याकडे पैसे पडून आहेत तो उशिरा देतो, आणि ज्याला आजच हवेत तो थांबतो. मी असंख्य घरांत हे पाहिलं आहे, फार सुसंस्कृत घरांत. आता आमच्याकडे ज्याचं काम झालं त्याचे पैसे तो दारातून बाहेर पडायच्या आत दिले जातात, आणि सांगितलेल्या रकमेत घासाघीस होत नाही. एका स्नेह्याने यावर सुनावलं की तुम्ही भाव बिघडवता. मला तो आरोप मान्य आहे.

सासूबाईंना दिवसभर सांभाळायला एक मावशी येतात. त्या आल्या नाहीत तर त्या दिवसाचे पैसे कापायचे, असंच त्यांच्या आधीच्या सगळ्या घरांत चालत आलेलं. मी ज्या नोकरीत आहे तिथे पगारी रजा मला मागावीही लागत नाही, ती आपोआप खात्यावर जमा होते. महिन्याच्या ठरावीक रजा भरपगारी, आजारपणाची वेगळी, असं मी मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी आभार वगैरे मानले नाहीत. हातातली चादर अर्धी घडी करून त्या थांबल्या आणि नीट खात्री करून घेतली.

‘म्हणजे नाही आले तरी कापणार नाही?’

‘नाही कापणार.’

‘मग ताई, मंगळवारी मी दात दाखवून येते. दिवाळीपासून ठणकतोय.’

मंगळवारी त्या आल्या नाहीत, बुधवारीही नाही. एक दाढ काढावी लागली होती. शेजारची किडायला लागली होती, ती डॉक्टरांनी भरून दिली.